मामंजी अजून तिथेच आहेत

अहो, तुमच्या नावानं मासे येणार होते. ट्रकनं. हॅचरीतल्या सिमेंटच्या हौदात वाढवलेले ट्रकभर ट्राउट, तुमच्या ओढ्यात सोडायला. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि तुमच्याच माणसांनी तुमच्या प्रेमापोटी नेमकं तेच ठरवलं, ज्याच्या विरोधात तुम्ही आयुष्यभर जो भेटेल त्याच्याशी भांडलात. मी ते थांबवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही असाल तिथं पुढचं ऐकेपर्यंत येरझारा घालणार नाही.

आपल्या मराठी मंडळातली शुभदा म्हणाली, "काकू, मंडळाच्या अंकात काकांवर तुम्हीच लिहा. जन्म, शिक्षण, जॉब वगैरे मी बाजूला बॉक्समध्ये टाकते." टाकू दे. बॉक्समधले तुम्ही माझ्या फारशा ओळखीचे नाही. माझ्या ओळखीचे आहेत ते गवतात पोटावर पालथे पडलेले, टोपी उलटी घातलेले, मागं वळून न बघता हातानं मला "खाली बस, खाली बस" करणारे.

अंक वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी ओढा पाहिलेला नाही, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या घरापासून जवळच मार्थाचं गाईंचं फार्म आहे. तिच्या कुरणाच्या टोकाला चुनखडीच्या खडकातून झरा फुटतो आणि त्याचा ओढा होतो. रुंदी एवढीच, की नऊवारी वाळत घातली तर दोन्ही काठांना टोकं टेकतील. उन्हाळ्यात अंगाची लाही होत असली तरी पाणी गार. हिवाळ्यात सगळं गोठलं तरी हा आपला वाहतोय, वर वाफ. आणि पाणी इतकं स्वच्छ की ते आहे हे विसरायला होतं. त्यात ट्राउट आहेत, तपकिरी, अंगावर लाल ठिपके. कोणी आणून न सोडलेले, तिथंच अंड्यातून निघालेले, तिथंच मोठे झालेले. त्यांना धरायचं ते दोऱ्यापिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून, आणि धरलं की हातातल्या हातात परत सोडून द्यायचं. हा तुमचा धर्म.

आणि तो पाळणारा माणूस कोण, तर कऱ्हाडचा शुद्ध शाकाहारी, केकात अंडं आहे का विचारल्याशिवाय वाढदिवसाला न जाणारा. मी वेंगुर्ल्याची. ताटात मासळी नसली तर आमचे बाबा विचारायचे, आज कोणाचा उपास. ऑफिसातलं कोणी तुम्हाला एका रविवारी ओढ्यावर घेऊन गेलं. मला वाटलं, चला, देवानं ऐकलं. मी नारळ खवला, तिरफळं काढली, वाटण करून ठेवलं. संध्याकाळी तुम्ही गुडघ्यापर्यंत भिजलेले, उन्हानं लालबुंद होऊन आलात.

"मासे कुठायत?"

"सोडले."

"सगळे?"

"सगळे."

"मग गेला होतात कशाला?"

तुम्ही इतके खुशीत होतात की तुम्हाला प्रश्न ऐकूच आला नाही. वाटणात मी बटाटे घातले. प्रश्न मात्र मी मागे घेतला नाही. शेवटपर्यंत विचारत राहिले. पोटासाठी धरलात तर मला कळतं. जो खायचाच नाही त्याच्या तोंडात आकडा कशासाठी? तुम्ही म्हणायचात, आकड्याचं उलटं टोक मी पकडीनं दाबून टाकलंय, त्याला लागत नाही. मी म्हणायची, त्याला विचारलंत? जन्मभर मासे धरून एकही न खाल्लेला नवरा आणि जन्मभर मासे खाऊन एकही न धरलेली बायको. मार्था म्हणायची, तुम्हा दोघांचं मिळून एक पूर्ण माणूस होतं.

तरी मी तुमच्या मागून ओढ्यावर आले, ती मोरपिसामुळे. देवघरातलं कृष्णाचं मोरपीस दिवसेंदिवस विरळ होत चाललं होतं. मला वाटलं कसर लागली, म्हणून मी देवघरात कडुनिंबाचा पाला ठेवला, तोही भारतातून येणाऱ्यांकडून मागवून. मग एके दिवशी तुमच्या टेबलावर, त्या भिंगाच्या दिव्याखाली, त्याच पिसाचा हिरवा तंतू आकड्याला गुंडाळताना तुम्ही सापडलात.

"देवाचं पीस?"

"देवाकडे पुष्कळ आहे. आणि माशांना याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही."

"मग बघायचंच आहे मला, देवाचं पीस खातं कोण ते."

म्हणून आले. तुम्ही काठावर गुडघे टेकून कितीतरी वेळ बघत बसलात आणि म्हणालात, आज एकही नाही. मी मागं उभी. म्हटलं, "अहो, तो काय समोर. आणि त्याच्या मागं दुसरा." तुम्हाला दिसेना. मी सांगितलं, मासा बघू नका, मासा पाण्याच्याच रंगाचा असतो. तळावर सावली हलतेय ती बघा. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर पाय सोडून खाडीत बघत माझं लहानपण गेलं. आम्हाला ते कोणी शिकवलं नव्हतं, दुसरं बघायलाच काही नव्हतं.

त्या दिवसापासून आपली जोडी जमली. मी बघायचं, तुम्ही टाकायचं. "दोन हात वर, डावीकडे, हिरव्याच्या कडेला." की तुमचा दोरा डोक्यावरून मागं जायचा, पुढं यायचा, आणि माशी उतरायची तिथं. पुढं तुमच्या डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा तर तुम्ही निव्वळ माझ्या आवाजावर टाकत होतात. मार्था कुंपणापलीकडून हसायची. म्हणायची, हा माणूस मासे धरायला येत नाही, बायकोचं ऐकायची प्रॅक्टिस करायला येतो.

भांडणं किती झाली तिथं. ते हिरवं म्हणजे पाण्यात कडेकडेनं उगवणारं वॉटरक्रेस, मोहरीसारखं तिखट. मी दिसल्याबरोबर दोन जुड्या मुळासकट उपटल्या. एवढी पालेभाजी फुकट वाहतेय आणि आपण दुकानात जातो. तुम्ही असे ओरडलात की मार्थाच्या गाईंनी माना वर केल्या. त्या मुळांत किडे राहतात, ते किडे मासे खातात, तू त्यांचं स्वयंपाकघर पाडलंस. दोन दिवस अबोला. आज सांगते, लसूण घालून केलेली ती भाजी उत्तम झाली होती, आणि अबोल्यातसुद्धा तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. पुढं मी नुसते शेंडे खुडायला लागले आणि तुम्ही तोंड फिरवून बसायला लागलात. आपला संसार असा तह करत करत झाला.

आणि मामंजी.

त्या वाकलेल्या पांढऱ्या सिकॅमोरच्या झाडाच्या मुळांखाली कपार आहे, तिथं राहणारा तो मोठा. तुम्ही त्याच्यापुढं काय काय ठेवलंत. तो सावकाश वर यायचा, नाकाशी नेऊन बघितल्यासारखं करायचा आणि तोंड फिरवून परत जायचा. एकदा मी म्हणाले, "हे अगदी मामंजी." तुम्ही हसता हसता चिखलात बसलात.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मासे खाणाऱ्या घरातली सून आली म्हणून त्यांनी कित्येक वर्षं माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आम्ही सुट्टीला कऱ्हाडला गेलो की मी ताट घेऊन पुढं जायची आणि ते मान वळवायचे. रागावलेले नसायचे, नुसती मान वळवायचे. एका दुपारी मी कंटाळले. भाकरी, पिठलं, ताक असं ताट वाढलं, ओट्यावर ठेवलं आणि काही न बोलता मागच्या दारी जाऊन बसले. परत आले तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. त्यावर ते कधी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. तुम्हालासुद्धा नाही. तुम्हाला ते मी पहिल्यांदा सांगितलं ओढ्यावर, त्या कपारीसमोर, इतक्या वर्षांनी.

तुम्ही दोरा गुंडाळून घेतलात. मग म्हणालात, "म्हणजे ठेवायचं आणि बाजूला व्हायचं."

खोटी माशी पाण्यावर उतरली की तिला दोऱ्याची ओढ लागता कामा नये, ती मोकळी वाहिली पाहिजे, हे तुम्ही पुस्तकांतून किती वेळा मला वाचून दाखवलं होतंत. पण कळलं तुम्हाला त्या दिवशी. तुम्ही दोरा सैल टाकलात, इतका सैल की मला वाटलं हातून निसटला. देवाचं पीस मुळांशेजारून आपलं आपण वाहत निघालं. आणि मामंजी वर आले, काही घाई न करता, आणि घेतलं. तुम्ही त्याला पाण्यातच दोन्ही हातांवर धरलंत. मला दाखवलंत. सोडलंत. मला तेव्हा नमस्कार करावासा वाटला. तुम्हाला नाही, त्याला.

त्यानंतर तो कधीच आपल्या हाती लागला नाही. हे मासे काही फार वर्षं जगत नाहीत. पण ती कपार रिकामी राहत नाही. एक गेला की त्याच ओढ्यातला दुसरा कोणी मोठा होऊन तिथं येतो, आणि आपण त्यालाही मामंजीच म्हणतो.

तर अशा ओढ्यावर ट्रक येणार होता.

तुमची फारशी चूक नाही त्यात, आणि त्यांचीही नाही. मंडळात सगळ्यांना तुमच्याबद्दल एवढंच ठाऊक. काका मासे खात नाहीत, काका मासे सोडून देतात. मग काकांच्या नावानं मासेच सोडू. जिवाला जीवदान. फुलं वाहण्यापेक्षा किती छान. असं पुण्य आपल्याच लोकांना सुचतं. मार्थाच्या चर्चमध्ये कोणाला सुचलं नसतं.

आपल्या अभिचा तिकडून, त्याच्या कॅरी गावाहून, फोन आला.

"आई, सरप्राइज ठेवणार होतो, पण शुभदा म्हणाली तुला सांगून ठेवू. शनिवारी बाबांच्या क्रीकवर आपण ट्राउट रिलीज करतोय. हॅचरीशी बोललोय, त्या फार्मवाल्या बाईंशीपण. मस्त साइझचे आहेत, रेनबो ट्राउट. बाबा खूश झाले असते."

"अभि, तुझे बाबा चितेवर उठून बसले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅन्सल कर."

 मग अगदी हळू, समजावल्यासारखं, "आई, यू आर ग्रीव्हिंग. आपण उद्या बोलू."

दुःखात आहे म्हणून मला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मला तर तुम्ही गेल्यापासून सगळं जास्तच लख्ख दिसतंय, त्या ओढ्याच्या तळासारखं.

दुसऱ्या दिवशी शुभदा डब्यात थालीपीठं घेऊन आली. गुणी मुलगी आहे, तुम्ही गेल्या दिवसापासून तिनंच सगळं सावरलंय. मी तिला समोर बसवून सांगितलं. ते मासे हौदात गोळ्या खाऊन वाढलेले असतात. आपल्या माशांवर माणसाची सावली पडली तर ते पळतात, आणि त्यांच्यावर पडली तर ते तोंड उघडून वर येतात, खायला आलं म्हणून. ट्रकभर सोडले की ते लहानग्यांना त्यांच्या जागेवरून हुसकावतात, त्यांचं खाणं खातात, आणि ट्रकचा माग काढत माणसं बादल्या घेऊन येतात. महिन्याभरात नवे संपतात. जुने तोवर विस्कटलेले असतात. कपारीत मग कोण राहील ते सांगता येत नाही.

शुभदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण काकू, राग मानू नका हं. आपणही बाहेरूनच आलोय ना? मग बाहेरच्या माशांना नको म्हणणं बरं दिसतं का?"

 हे तर माझंच भांडण होतं. तुमच्याशी, तिथंच काठावर. तुमचे ते तपकिरी ट्राउटसुद्धा कधीकाळी युरोपातून बोटीनं आणलेले, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत आणि मी लगेच पकडलं होतं. मग हेही आपल्यासारखेच की. यांचे लाड आणि हॅचरीच्यांना हाकलता का? तुम्ही म्हणालात, "हे इथं जन्मलेत." मी म्हणाले, "अभि इथं जन्मला. मी नाही. मला तुम्ही आणून टाकलंत." तुम्ही दोऱ्याचा गुंता सोडवत होतात. सोडवतच राहिलात. वर बघितलं नाहीत. त्यानंतर किती वेळा वाटलं की आता हे काहीतरी बोलणार. बोलला नाहीत, आणि गेलात.

तर आता मीच बोलते. मला आणलं तेव्हा मला इथलं काही येत नव्हतं. बर्फावर पाऊल कसं टाकायचं, कोथिंबिरीला काय म्हणायचं, शेजारीण 'हाउ आर यू' म्हणाली तर खरं सांगायचं नसतं, काही नाही. मी शिकले, कारण मला शिकायला वेळ मिळाला आणि शिकवायला तुम्ही होतात, चिडका मास्तर असलात तरी. मला कोणी शनिवारी सकाळी ट्रकमधून ओतून, फोटो काढून निघून गेलं नाही. त्या माशांना आणणाऱ्यांना ते तिथं राहायला नकोच असतात. शिकायच्या आत संपले तरी चालतात. माझा राग माशांवर नाही. ओतून निघून जाणाऱ्यांवर आहे. हे तुमचं उत्तर नाही, माझं आहे. तुमचं काही वेगळं असेल तर ते तुम्ही वेळेवर द्यायला हवं होतंत.

शुभदाला त्या दिवशी मला यातलं काही सांगता आलं नाही. मी नुसती म्हणाले, "दिसायचं ते दिसू दे. ट्रक येणार नाही." ती मान हलवून गेली, पण ट्रक काही कॅन्सल झाला नाही. काकूंना धक्का बसलाय, होईल ठीक, असं ठरलं असणार.

मग मी मार्थाकडे गेले. ती गोठ्यात होती. तिनं परवानगी दिली होती, कारण तिला वाटलं घरच्यांची इच्छा आहे, मयताच्या बाबतीत आपण कोण बोलणार. मी नको म्हटल्यावर तिनं सुस्कारा टाकला आणि कपाळ गाईच्या पोटाला टेकवलं. म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला या कुंपणाशी उभं करून तासभर सुनावलं होतं, याच गोष्टीवरून. मला वाटलं, मेल्यावर माणसं बदलतात की काय."

"मी आहे ना," मी म्हणाले.

"फाटक तुझं," ती म्हणाली. "शनिवारी तू सांगशील तसं."

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. तुमची जुनी गाडी फाटकात आडवी लावली. पुढं खुर्ची टाकली, तुमचीच, ती घडीची, पाठीला ठिगळ लावलेली. अंगात तुमचं खिशाखिशांचं जॅकेट, थर्मासमध्ये चहा. पहिला ट्रकच आला. दाढीवाला, धिप्पाड ड्रायव्हर. अदबीनं म्हणाला, मॅम, गाडी जरा हलवाल का. मी म्हटलं, नाही, पण चहा देते. त्यानं विचार केला आणि खाली उतरला. आलं घातलेला चहा त्याला इतका आवडला की नंतर गाड्यांमागून गाड्या येऊन रस्त्यात अडकल्या तरी तो माझ्या शेजारी निवांत उभा.

अभि गाडीतून उतरून धावत आला. "आई, प्लीज, डोन्ट डू धिस. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच बसलेय."

"इतके लोक आलेत, शुभदानं सगळं ऑर्गनाइझ केलंय. आता काय सांगू त्यांना?"

"सांग, म्हातारी हटून बसलीये."

 मग आवाज एकदम लहान झाला त्याचा. "मी पोचलो तेव्हा ते गेले होते. मला काहीच करता आलं नाही गं. मला बाबांसाठी काहीतरी करायचंय."

अहो, तेवढ्यात मी हरणार होते. तुम्हाला खोटं कशाला सांगू. लेकाचा तो चेहरा बघून वाटलं, जाऊ दे, ओतू देत, चार मासे जास्त. गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती. ती मी तुमच्या जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली आणि चेन लावली.

"मग चल माझ्याबरोबर," मी म्हणाले. "तुम्ही सगळेच चला. पण वाकून. आणि पाण्याजवळ गेलं की पोटावर."

तुम्ही तेव्हा असायला हवं होतंत. सगळं मंडळ, कडक इस्त्रीचे कुर्ते, चांगल्या साड्या, ओल्या गवतातून रांगत. मागून कोणी कुजबुजलं, "काकू, इथं साप असतात का?" मी म्हटलं, "असतात. आवाज करू नका." शुभदा पदर कमरेला खोचून सर्वांत पुढं.

सिकॅमोरच्या समोर आम्ही पडून राहिलो. अभि माझ्या शेजारी.

"मला काहीच दिसत नाहीये, आई."

"मासा बघू नकोस. सावली बघ. दोन हात वर, डावीकडे."

तो बघत राहिला. मग त्यानं माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं. वरून एक माशी वाहत आली. खरी, दोऱ्याविना. मामंजी मुळांखालून निघाले, सावकाश वर आले, तिला टिपलं आणि परत गेले. पाण्यावर एक गोल उमटला, वाहत वाहत पुढं गेला, आणि मिटला.

"दॅट्स इट?" अभि म्हणाला.

"एवढंच."

"बाबा एवढ्यासाठी यायचे?"

"एवढ्यासाठी."

त्यानं तोंड गवतात घातलं आणि रडला. कोणाला कळलं नाही. सगळेच पालथे पडलेले होते.

ट्रक मग गावाच्या पार्कातल्या तळ्याकडे गेला. तिथं सुट्टीत मुलं गळ टाकतात, तिथं असे मासे नेहमीच सोडतात. प्रार्थना तिथंच झाली. बादल्या तिथंच ओतल्या. शुभदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, आता कळलं." सगळं कळलं असेल असं नाही, पण तिच्या साडीच्या निऱ्यांना ओढ्याचा चिखल होता आणि तो ती झटकत नव्हती.

आणि ड्रायव्हर निघताना मी त्याला म्हटलं, बाबा रे, दोन मला दे. त्यानं जाळीनं काढून दिले. अभि म्हणाला, "आई?" मी म्हटलं, "काय आई? मी मासे खाते. तुझे बाबा खात नव्हते."

वर्षभर खायचे नसतात म्हणे. कोण म्हणतं, त्यानं समोर येऊन सांगावं.

माझा माशांचा तवा गॅरेजमध्ये आहे तो आहे. घर आता माझ्या एकटीचं, आत आणला तरी कोण बोलणार. नाही आणला. तुम्ही गेलात म्हणून आपले तह मोडत नाहीत. तिथंच शेगडी पेटवली. कोकमाचं आगळ, हळद, तिखट, वरून रवा. मी मासे तळायची तेव्हा तुम्ही गॅरेजच्या दारात उलट्या बादलीवर नाकाला रुमाल लावून बसायचात. वास सहन होत नव्हता आणि गप्पा सोडवत नव्हत्या. तळता तळता मी काहीतरी सांगायला मागं वळले. बादलीवर अभि होता. नाक न झाकता बसलेला. मी जे सांगणार होते ते विसरले. तेवढ्यात पहिला तुकडा थोडा करपला.

चव विचाराल तर चांगली होती. तुम्हाला हे ऐकायचं नाही, पण चांगली होती. जरा मऊ, हौदाच्या पाण्याला चव नसते तशी, पण मी काटासुद्धा चोखून ठेवला. इतक्या वर्षांत ट्राउट माझ्या ताटात पहिल्यांदा आला, तोही तुमच्या दिवसाच्या निमित्तानं. आणि ओढ्यातला? तो मी कधी खाणार नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून नव्हे. माझ्या हातचं खाऊन ज्यांनी ताट धुऊन पालथं घातलं, त्यांना मी तव्यावर कशी घालू?

तुमचा रॉड भिंतीवर आहे. सगळे म्हणतात, काकू, आता तुम्ही टाका, काकांना बरं वाटेल. मी टाकणार नाही. जो खायचा नाही त्याला आकडा लावणं मला तुम्ही असताना पटलं नाही, आता काय पटणार. तुम्ही गेलात म्हणून वाद जिंकलात असं समजू नका. अभि म्हणतो, माझ्याकडे कॅरीला चल, इथं एकटी काय करणार. मी म्हटलं, सुट्टीला येईन. राहायला नाही.

काल संध्याकाळी तो निघाल्यावर ओढ्यावर गेले. गवत अजून दबलेलं होतं, सगळं मंडळ लोळून गेलं ते. मी आपल्या जागेवर बसले. ऊन उतरलं होतं, पाण्यावर बारीक माश्या निघायला लागल्या होत्या. सावली दिसली. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, बऱ्यापैकी मोठ्यानं, "दोन हात वर, डावीकडे, हिरव्याच्या कडेला."

दोरा डोक्यावरून मागं जाऊन पुढं येऊन पाण्यावर उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबले. काही उतरलं नाही. मामंजींचं खाणं चालू होतं.

उद्याही जाणार आहे. उद्याही सांगणार आहे, मोठ्यानं, टाकायला कोणी असो वा नसो.